तळपायावर दहा ग्रॅम : मज्जातंतूंच्या सर्वेक्षणात पहिल्यांदा उतरताना

पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. फिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा केस) पायाच्या अंगठ्याला टेकवतो आणि विचारतो, "कळतंय ना, आजी?" आजी म्हणतात, "हो रे बाळा, कळतंय की." न कळायला काय झालं? उन्हातान्हातून घरी आलेलं पोर, एवढं खाली वाकून पायाला हात लावतंय, त्याला नाही कसं म्हणायचं! फॉर्मवर 'संवेदना शाबूत' अशी खूण होते. आणि त्याच आजींची एक चप्पल मघाशी ओट्यावर येताना पायरीवर निसटून राहिलेली असते. त्यांना त्याचा पत्ता नसतो.

मधुमेहामुळे पायाच्या नसा कितपत बधिर झाल्यात हे घरोघरी जाऊन तपासायचं काम फिजिओथेरपीची, सार्वजनिक आरोग्याची, आयुर्वेदाची मुलंमुली हल्ली बरीच करतात. कुणाचा प्रबंध असतो, कुणी एखाद्या मोठ्या अभ्यासाच्या टीममध्ये असतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय. रक्तातली साखर ग्लुकोमीटर मोजतो. संवेदना मोजताना मात्र यंत्र म्हणजे तुमचा हात, तुमचा प्रश्न आणि समोरच्याचं उत्तर. तिन्हींपैकी एक बिघडलं की पुढची आकडेमोड कितीही देखणी करा, काही उपयोग नाही.

निघण्याआधी: अंगठ्यापासून मेंदूपर्यंत

अंगठ्याला काही टेकलं हे मेंदूला सांगणारी पेशी अंगठ्यात नसते. तिचं मुख्य शरीर कमरेच्या मणक्यांशेजारच्या एका छोट्या गाठीत असतं आणि तिथून एक तंतू थेट पायाच्या बोटापर्यंत गेलेला असतो. जवळजवळ एक मीटर लांब, एकाच पेशीचा. त्या तंतूच्या टोकाला लागणारी प्रथिनं आणि ऊर्जेची सामग्री बरीचशी त्या मणक्याशेजारच्या 'कारखान्यातून' जाते. साखरेने ही यंत्रणा आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब व्हायला लागल्या, की सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक आधी उपाशी राहतं. म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. तो साधारण गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताच्या बोटांची पाळी येते. तपासणी अंगठ्यापासून का, याचं उत्तर एवढंच.

टोकाला दाब पडला की तिथल्या पडद्यातली पिएझो-२ नावाची प्रथिनाची दारं उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि तंतूत एक स्पंदन निघतं. ही दारं शोधणारे आर्डेम पटापुटियन आणि उष्णतेचं दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. ज्युलियस यांनी ते दार शोधलं मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मदतीने. ठेचा खाल्ल्यावर जीभ 'भाजते' असं आपण म्हणतो ते शब्दशः बरोबर आहे, कारण मिरची उष्णतेचंच दार उघडते.

स्पंदन मात्र लहानमोठं होत नाही. एडगर एड्रियन यांनी १९२६ साली एकेका संवेदी तंतूतली स्पंदनं टिपून दाखवलं, की जोरात दाबलं तर स्पंदनाची उंची वाढत नाही, सेकंदाला किती स्पंदनं जातात ती संख्या वाढते. (त्यांना १९३२ सालचं नोबेल मिळालं, शेरिंग्टन यांच्याबरोबर.) तपासणाऱ्याला याचा अर्थ काय? नसेची ताकद 'थोडं कळतंय, फार कळतंय' या शब्दांत मोजायला जाऊ नका. किती दाबाला पहिल्यांदा कळतं, ते मोजा.

आणि तंतू एका जातीचे नसतात. स्पर्श आणि कंप नेणाऱ्या जाड तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, त्यांतून संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने जातो. जळजळ आणि ठणका नेणारे बारीक तंतू उघडे असतात आणि सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढेच चालतात. उंबऱ्याला करंगळी आपटली की आधी झटकन कळ येते, आणि 'आता येणार' म्हणून दात आवळेपर्यंत मागून तो घाणेरडा ठणका येतो. तो आपल्याच शरीरातला वेगाचा फरक. आता गोम अशी की फिलामेंट आणि नादकाटा (कंप तपासायचा, थरथरणारा धातूचा काटा) हे दोन्ही जाड तंतूंची परीक्षा घेतात. एखाद्याचे बारीक तंतू आधी बिघडले असतील तर तो रात्रभर तळपायाची आग होते म्हणून झोपत नाही, आणि तुमच्या फिलामेंटला मात्र दहापैकी दहा गुण देतो. त्याला 'काही नाही तुम्हाला' असं सांगून येऊ नका.

हातातलं साधन

फिलामेंट म्हणजे मुठीत बसवलेला नायलॉनचा जाडसर केस. याचा पूर्वज खरोखरच केस होता. जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या जाडीचे केस काडीला लावून त्वचेची संवेदना मोजली. पुढे १९६० च्या सुमारास सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी त्याजागी नायलॉन आणलं.

गंमत त्याच्या वाकण्यात आहे. बारीक दांडी उभी दाबली तर एका ठरावीक जोरापर्यंत ती ताठ राहते आणि मग एकदम वाकते. वाकल्यावर तुम्ही आणखी रेटलंत तरी टोकावरचा जोर फारसा वाढत नाही. म्हणजे तुमचा हात जड असो की हलका, पायावर पडणार दहा ग्रॅमच. आमच्या सगळ्या साधनांत नवख्या माणसाची इतकी काळजी घेणारं दुसरं काही नाही.

हे दहा ग्रॅम आले कुठून? अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कारव्हिल इथे कुष्ठरोग्यांचं मोठं रुग्णालय होतं. तिथल्या बर्क आणि सिम्स यांनी तळपायाला जखमा झालेले कुष्ठरोगी आणि मधुमेही तपासून १९८६ साली लिहिलं, की जखमा होणाऱ्या पायांना दहा ग्रॅमचा केस कळत नाही. त्याच रुग्णालयात आधी पॉल ब्रँड यांनी काम केलं होतं, आणि ब्रँड ते शिकून आले होते आपल्या वेल्लोरला: कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि बोटं जातात. मधुमेही पायाची आजची सगळी तपासणी याच एका ओळीवर उभी आहे. कुष्ठरोग्यांसाठी उभी राहिलेली आनंदवन आणि तपोवन ज्या महाराष्ट्रात आहेत, तिथल्या तपासणाऱ्याला हा धागा माहीत असावा, आणि तो पुढे कामालाही येतो.

साधनाची निगा राखायला लागते. एका दिवसात दहा-पंधरा माणसं झाली की तो केस बाजूला ठेवायचा, चोवीस तास विश्रांती. सत्तर ते नव्वद माणसांनंतर नवा घ्यायचा. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात टीमपाशी दोनच होते आणि सांगणारं कुणी नव्हतं. आठवडाभराने तक्ता लावला तर सकाळच्या घरांपेक्षा दुपारच्या घरांत बधिर पाय जास्त! आम्ही दोन दिवस डोकं खाजवत होतो, मजुरीवर जाणारे, ऊन, वय, काय काय. शेवटी एकीने केस स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा दाबला. थकलेलं नायलॉन दहा ग्रॅमच्या बरंच आधी वाकत होतं. कमी जोर पडत होता, म्हणून कमी लोकांना कळत होतं. गावातले पाय नाही, आमचा केस बधिर झाला होता. तेव्हापासून प्रत्येक केसाला नंबर, आणि फॉर्मवर केसाच्या नंबराचा रकाना. दमट हवेत नायलॉन नरम पडतं, म्हणून कोकणात पावसाळ्यात काम असेल तर डबा कोरडा ठेवा आणि काट्यावरची ही चाचणी रोज सकाळी करा.

प्रत्यक्ष तपासणी

आधी संमती. नीतिमत्ता समितीने मंजूर केलेलं पत्रक वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या, नको म्हटलं तर पाणी पिऊन उठा.

मग पाय बघा. हात लावण्याआधी नुसते बघा, दोन्ही, बोटांच्या बेचक्यांसकट. भेगा, घट्टे, कुरूप, चिखल्या, नखाचा कोपरा रुतलेला. बायकांच्या जोडव्यांखाली बघायला बहुतेक जण विसरतात. बोट सुजलं की जोडवं रुतून खाली जखम होते, आणि बधिर बोटाला ती समजत नाही. पाय नुकताच शेतातून आलेला, ओला, गार असेल तर पुसून पाच-दहा मिनिटं थांबा. गार कातडीला कमी कळतं.

माणसाला निजवा, नाहीतर पाय लांब करून बसवा, तळपाय तुमच्याकडे. आधी केस त्यांच्या हाताला किंवा कोपराला टेकवून दाखवा: "हे बघा, एवढंच टेकणार आहे. सुई नाही." ही ओळ म्हणायचीच. काहींना वाटतं आपण इंजेक्शन देणार, आणि ते पाय असा आवळून धरतात की काही मोजता येत नाही. मग डोळे मिटायला सांगा. डोळे मिटून बसायला लाजणारे असतात, त्यांच्यासमोर वही आडवी धरा.

जागा एका पायाला तीन: अंगठ्याचा गर, अंगठ्यामागचा चवडा, करंगळीमागचा चवडा. तिथे घट्टा किंवा जखम असेल तर घट्ट्यावर नाही, त्याच्या कडेला. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या पायावर हे फार जपायला लागतं. तिथे चाळीस वर्षांचं कातडं जमलेलं असतं, आणि त्यावर टेकवलं तर तुम्ही नस तपासत नाही, कातड्याची जाडी मोजता.

केस त्वचेला काटकोनात आणा, टेकवा, वाकू द्या, उचला. सगळं मिळून दोन सेकंद. घासू नका, टोचू नका, टेकल्यावर सरकवू नका.

आता प्रश्न. "कळतंय का?" नको, कारण त्यात 'हो' आधीच बसलेलं आहे. "आता काही टेकलं का?" असं विचारा, आणि हो म्हणाले तर "कुठे? कुठल्या पायाला?" प्रत्येक जागी तीनदा विचारायचं: दोनदा खरं टेकवून, एकदा काहीच न टेकवता. तो न टेकवलेला प्रश्न हा सगळ्या तपासणीचा कणा आहे. सुरुवातीच्या आजी इथेच सापडतात. काहीही न टेकता "हो, टेकलं" आलं की रागवू नका, हसूही नका. पुन्हा समजावा: "नाही कळलं तर नाही म्हणा, मला तेच हवंय." तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी रक्षक संवेदना (पायाला जखमेपासून जपण्याइतकी) आहे. दोन चुकली तर नाही. टेकवण्याची लय सारखी ठेवू नका. दर तीन सेकंदांनी टेकवलंत तर माणसं ठेका धरतात आणि बिनचूक उत्तरं देतात.

"लागलं का?" हा शब्दही टाळा. आपल्याकडे लागणं म्हणजे दुखणंही असतं. एका मावशींनी सगळ्या जागांना 'नाही' सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "टेकलं तर दर वेळी, पण लागलं कुठे?"

नादकाटा थोडक्यात. १२८ हर्ट्झचाच घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेतला चालणार नाही. आधी मनगटाच्या हाडावर 'हे असं थरथरतं' हे दाखवा, मग अंगठ्याच्या वरच्या बाजूला, नखामागच्या हाडावर. इथेही तीन प्रश्न, त्यातला एक थरथर बंद करून. माणसं 'काहीतरी गार टेकलं' यालाच हो म्हणतात, म्हणून विचारायचं थरथरीबद्दल.

साधन विसरलात तर? तर्जनीचं टोक दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या शेंड्याला एक-दोन सेकंद हलकं टेकवा. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी असण्याची शक्यता मोठी. इंग्लंडमधल्या इप्सविचची ही पद्धत. घरच्या माणसांना शिकवून यायला उत्तम, पण तुमच्या अभ्यासात फिलामेंट ठरलं असेल तर त्याच्या रकान्यात याचं उत्तर भरू नका.

तक्रार विचारताना

प्रश्नावली बहुधा इंग्रजीतून मराठीत आलेली असते आणि तिच्यात 'संवेदनशून्यता' असा काहीतरी शब्द असतो. तो शब्द घेऊन वस्तीवर गेलात तर लोक तुमच्याकडे नुसते बघत राहतील. बधिर, जड, मेल्यासारखा, कापसावर चालल्यासारखं, पायाला काही चिकटलंय असं वाटतं: ही बधिरपणाची मराठी. मुंग्या येणं, झिणझिण्या, चुरचुर, तळव्यांची आग, सुया टोचल्यासारखं ही दुसऱ्या गटाची. दोन्ही गट वेगळ्या रकान्यांत टाका, कारण पहिल्यात नस गप्प झालेली आहे आणि दुसऱ्यात ती नको तेव्हा बोलते आहे. मात्र मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या यात धरू नका. "नुसतं पडल्यावर, रात्री येतात का?" हे विचारलं की पुष्कळशी गर्दी कमी होते. माझा आवडता प्रश्न कुठल्याच प्रमाणित यादीत नाही: "चप्पल निसटली तर कळते का?"

आणि बधिर पाय म्हणजे साखरच, असं लिहून मोकळे होऊ नका. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ च्या कमतरतेने नसा बिघडतात, आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणखी उतरू शकतं. शाकाहारी, दहा वर्षं मेटफॉर्मिनवर, पायाला मुंग्या, असा माणूस तुम्हाला दर चार घरांनी भेटेल. दारूचं विचारा, न टोचेल असं. आणि बधिरपणा एकाच पायाला, किंवा फिकट बधिर चट्ट्याबरोबर असेल तर कुष्ठरोग मनात यायला हवा. राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट २००५ च्या अखेरीस गाठलं म्हणून रोग संपला असं नव्हे. विदर्भात काम केलेल्यांना हे सांगायला नको.

एका पायापासून गावापर्यंत

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहाच्या अभ्यासात ३१ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतली १,१३,०४३ माणसं तपासली गेली. २०२३ साली आलेला त्याचा निष्कर्ष: देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, प्रौढांमध्ये ११.४ टक्के. गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. असे आकडे वाचताना आपण शेवटचा आकडा धरतो. सर्वेक्षणात उतरलेल्याने आधी विचारायचं, दार कुणी उघडलं?

सकाळी अकराला गावात गेलात तर घरी कोण असतं? म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि आजारी. कामाला जाणारा चाळिशीचा मधुमेही तुमच्या वहीत येतच नाही, आणि तुमचं गाव आहे त्यापेक्षा जास्त आजारी दिसतं. उपाय कंटाळवाणा आहे: बंद दाराची नोंद करा, संध्याकाळी परत जा, रविवारी परत जा. शेजारचं उघडं घर त्याजागी घेऊ नका. ओट्यावर बसलात की "आमचंही बघा" म्हणत लोक जमतात, त्यांचे पाय जरूर तपासा, पण दुसऱ्या वहीत.

किती माणसं हवीत? मधुमेहींमध्ये २० टक्क्यांना बधिरपणा असेल असं धरलं आणि चार टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर हिशेब येतो १.९६ × १.९६ × ०.२ × ०.८ भागिले ०.०४ × ०.०४, म्हणजे सुमारे ३८४ (१.९६ हा ९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा). एका वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून वाडीवार निवडताना दीडपट करा: ५७६. दहा टक्के मिळणार नाहीत असं धरा: ६४०. आणि हे ६४० मधुमेही, ६४० घरं नव्हेत. मार्गदर्शकांसमोर जाण्याआधी हा फरक नीट करा.

काम सुरू करण्याआधी दोघांनी तीच पन्नास माणसं वेगवेगळी तपासा, एकमेकांची वही न बघता. समजा ८ जणांना दोघांनीही बधिर म्हटलं, ३५ जणांना दोघांनीही शाबूत, आणि ७ जणांवर मतभेद. जुळणी ८६ टक्के, ऐकायला झकास. पण बहुतेक पाय शाबूतच असतील तर डोळे झाकून 'शाबूत' लिहिणारेही बऱ्याचदा जुळतील. तो योगायोगाचा भाग वजा केला की या उदाहरणात 'कप्पा' (kappa, योगायोग वगळून उरलेली जुळणी सांगणारा आकडा, पूर्ण जुळलं तर १) येतो साधारण ०.६. बरा आहे, झकास नाही. त्या सात जणांकडे दोघांनी मिळून परत जा. मतभेदाचं कारण बहुधा घट्टा, प्रश्नाची शब्दरचना किंवा थकलेला केस यांतलंच निघतं.

वहीत 'नाही कळलं' आणि 'तपासलंच नाही' यांना वेगळ्या खुणा द्या. कापलेल्या अंगठ्याच्या जागी शून्य भरलेले फॉर्म मी पाहिले आहेत.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी, त्याच भेटीत

फॉर्म संपला म्हणून उठू नका. उपचार ठरवायचं काम डॉक्टरांचं, तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्या आणि आशाताईंच्या कानावर घाला. उघडी जखम, काळं पडलेलं बोट, लाल गरम सुजलेला पाय दिसला तर चिठ्ठीवर भागवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात पोचतील असं बघा, गाडी कुणाची मिळते तेही विचारा. सुजलेला पाय दुखत नाही म्हणून माणूस निवांत असतो, त्याच्यावर जाऊ नका.

बाकीच्यांना तीन गोष्टी करून दाखवा. रोज रात्री पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून किंवा नातवंडांकडून. शेकायला पाणी घेतलं तर आधी कोपर बुडवून बघायचं, पायाने नाही. आणि चप्पल किंवा बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटकायचा, आत हात फिरवायचा. हे शेवटचं तिथेच, त्यांच्याच बुटात हात घालून करा. एका काकांच्या बुटातून आम्हाला बाभळीचा काटा मिळाला होता, बुटाच्या तळातून आत वर आलेला. ते चार दिवस तोच बूट घालून शेतावर जात होते.